ती कोण होती?

रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे अजूनही थोडे लपूनच वाचावे लागते. त्यातून तो माणूस मराठीचा प्राध्यापक असला आणि त्यातूनही बाई असला, तर विचारूच नका! सकाळी वर्गात ज्ञानेश्वरीतले दृष्टान्त शिकवायचे आणि संध्याकाळी, ज्याच्या वेष्टनावर सुरा अन् रक्ताचे थेंब काढले आहेत असे पुस्तक घेऊन खिडकीशी बसायचे, यात लोकांना काहीतरी विसंगत वाटते. मला ते कधी वाटले नाही. सकाळी मी माणसाच्या मनाविषयीच बोलत असते आणि संध्याकाळीही त्याविषयीच वाचत असते. फरक असला तर तो वेष्टनाचा.

आमच्या ह्यांचे मत निराळे आहे. "तुझ्या विद्यार्थ्यांनी पाहिले म्हणजे?" असे ते अधूनमधून विचारतात. पण मी पुस्तक पालथे ठेवून कुकर लावायला उठले, की तेच पुस्तक उचलून 'जरा चाळतो' म्हणत चांगली तीस-चाळीस पाने वाचून काढतात. रहस्यकथेला नावे ठेवणारे पुष्कळसे लोक असे 'चाळणारे'च असतात. असो.

गेली काही वर्षे मला एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्यांनी नाद लावला आहे. त्यांची नायिका पोलीस खात्यात तरी असते किंवा त्या खात्याला सल्ला देणारी मानसशास्त्रज्ञ तरी असते. जवळ पिस्तूल असले तरी तिचे खरे हत्यार ते नव्हे. जिथे खून झाला तिथे ती जाऊन उभी राहते. काय तुटले आहे, काय जागच्या जागी आहे, काय मुद्दाम नीट लावून ठेवले आहे, हे पाहते आणि मग सांगते : हे करणारा मनुष्य अमुक वयाचा असावा, एकटा राहत असावा, हाताचा कसबी असावा, त्याला चारचौघांत बोलायची भीती वाटत असावी. या विद्येला इंग्रजीत 'प्रोफायलिंग' आणि ती जाणणाराला 'प्रोफायलर' म्हणतात. आपल्याकडे 'गुन्ह्यावरून गुन्हेगाराचा स्वभाव वर्तवणारी' असे लांबलचक म्हणावे लागेल. त्यापेक्षा आपण तिला सरळ प्रोफायलरबाई म्हणू या.

माझ्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर वाचले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक १९९६ साली गेला. पण झुंजार किंवा काळा पहाड एवढे नाव उच्चारले तरी साठी ओलांडलेले गृहस्थ अजून खुर्चीत सरसावून बसतात. त्या नायकांचे बळ धाडसात होते, वेषांतरात होते. शेरलॉक होम्सचे बळ डोळ्यांत होते. बुटाला लागलेली माती, विड्याची राख यांवरून तो माणूस हुडकून काढी. गुन्हेगाराने मागे काय टाकले हे ही मंडळी पाहत. प्रोफायलरबाई हेच सारे पाहते, पण विचारते ते वेगळेच : असे करावेसे त्याला वाटले का?

हा प्रश्न विचारणारी पहिली बाई शोधू लागले की मी अमेरिकेत न पोचता इंग्लंडातल्या एका खेड्यात जाऊन पोचते. आगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली प्रथम एका लघुकथेतून आणि १९३० साली कादंबरीतून वाचकांपुढे आली. पांढऱ्या केसांची, विणकाम करीत बसणारी ही म्हातारी प्रयोगशाळेत जात नाही. खून कुणाचाही असो, तिला आपल्या खेड्यातला कुणीतरी आठवतो. हा मनुष्य अगदी आमच्या कोळणीच्या मुलासारखा, ही बाई आमच्या पोस्टातल्या बाईसारखी, असे करीत ती खुन्यापर्यंत जाऊन पोचते. मोठे मोठे अधिकारी हसतात आणि शेवटच्या प्रकरणात गप्प बसतात.

मिस मार्पल वाचताना मला आमच्या सासूबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. एकदा आमच्या वरच्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले. सामान उतरत असताना सासूबाई चहाचे थर्मास घेऊन खाली गेल्या, दहा मिनिटे तिथे उभ्या राहिल्या आणि वर येऊन म्हणाल्या, "दोघे भाऊ वेगळे झालेत गं. थोरला वाटणीत रागावला असणार." मी म्हटले, "तुम्हांला कुणी सांगितले?" तर म्हणाल्या, "सांगायला कशाला हवे? डब्यांचा संच अर्धाच आहे, मोठाले डबे नाहीत. पितळी पातेल्यांवर एकाचे नाव, झाकणांवर दुसऱ्याचे. आणि सासू म्हणून जी म्हातारी आहे ना, तिची ट्रंक बांधलेलीच आहे, सोडलेली नाही. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे." पंधरा दिवसांनी सारे अक्षरशः तसेच निघाले. व्हर्जिनियात जन्मल्या असत्या तर सरकारने त्यांना पगार दिला असता!

व्हर्जिनिया म्हणायचे कारण पुढे येईलच. पण त्याआधी न्यूयॉर्कला जायला हवे. कारण सासूबाईंची ही विद्या शास्त्र म्हणून पहिल्यांदा गाजली ती तिथे. १९४० पासून त्या शहरात कुणी अज्ञात मनुष्य बाँब ठेवीत होता. रेल्वेस्थानकात, नाटकगृहात, ग्रंथालयात. एका मोठ्या वीज कंपनीवर त्याचा राग होता एवढे त्याच्या चिठ्ठ्यांवरून कळे. सोळा वर्षे झाली तरी तो सापडेना. तेव्हा १९५६ च्या अखेरीस पोलीस डॉक्टर जेम्स ब्रसेल या मनोवैद्याकडे गेले. त्याने चिठ्ठ्या वाचून त्या माणसाचे वर्णन केले आणि जाता जाता सांगितले, की तुम्ही त्याला पकडाल तेव्हा त्याच्या अंगात दुहेरी बटणपट्टीचा कोट असेल आणि त्याची सारी बटणे लावलेली असतील. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की नावाच्या गृहस्थाच्या दारावर रात्री पोलिसांनी थाप मारली. तो झोपायच्या कपड्यांत होता. कपडे बदलून या म्हटल्यावर तो आत गेला आणि बाहेर आला तो दुहेरी बटणपट्टीच्या कोटात, सारी बटणे लावून!

ही गोष्ट इतकी सुरस आहे की तिने पुढे एका शास्त्राला जन्म दिला आणि शेकडो कादंबऱ्यांना खाद्य पुरवले. पण ती सांगताना एका बाईचे नाव बहुधा गाळले जाते. कोटाच्या भाकितावरून मेटेस्की सापडला नव्हता. त्याला शोधले अ‍ॅलिस केली नावाच्या बाईने. ती त्या वीज कंपनीत कारकून होती. कामावर जखमी झालेल्या आणि भरपाई न मिळालेल्या जुन्या कामगारांची बाडे ती एकामागून एक वाचीत होती. १९३१ साली जखमी झालेल्या एका कामगाराच्या कागदांपाशी ती थबकली. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या बाँबवाल्याच्या पत्रांतले काही खास शब्द आणि या जुन्या अर्जांतले शब्द तिला एकच वाटले. डॉक्टरांनी मन वाचले असेल, पण या बाईने कागद वाचले. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला त्या कारकून बाईचा केवढा अभिमान वाटतो, काय सांगू!

आता व्हर्जिनिया. तिथे क्वांटिको या ठिकाणी अमेरिकेच्या एफबीआयची शिक्षणसंस्था आहे. १९७२ साली तिथे मनुष्यवर्तनाचा अभ्यास करणारा एक विभाग सुरू झाला. त्यातले अधिकारी तुरुंगातुरुंगांतून जाऊन खुन्यांच्या मुलाखती घेऊ लागले. हेतू चांगला होता, पण गप्पांना शिस्त नव्हती. ती लावली अ‍ॅन बर्जेस या बाईने. ही पोलीस नव्हती, परिचारिका होती आणि बॉस्टनला परिचारिकांना शिकवणारी प्राध्यापिका होती. १९७२ - ७३ मध्ये ती आणि लिंडा होमस्ट्रॉम ही समाजशास्त्राची अभ्यासक बॉस्टनच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, बलात्कार झाला म्हणून येणाऱ्या स्त्रियांना आणि मुलींना भेटत. रात्री-अपरात्री फोन आला तरी जात. अशा १४६ जणींचे त्यांनी ऐकून घेतले. त्या बायका नंतर दचकतात का, झोपत का नाहीत, घर का बदलतात, हे त्यांनी १९७४ साली जगापुढे मांडले. त्याआधी हे फारसे कुणी विचारले नव्हते. ज्यांना कुणी विचारीत नाही त्यांना विचारणारी ही बाई क्वांटिकोत आली. कुणाला काय विचारायचे, ते कसे नोंदवायचे, हे तिने त्या अधिकाऱ्यांना आखून दिले. ३६ खुन्यांचा तो अभ्यास १९८८ साली ग्रंथरूपाने निघाला. त्यात खुन्यांबरोबर त्यांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तींचीही नोंद होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

योगायोग असा, की त्याच १९८८ साली टॉमस हॅरिस या लेखकाची 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि क्लॅरिस स्टार्लिंग जन्माला आली. क्वांटिकोत शिकणारी, लहान गावातून आलेली, स्वस्तातले बूट घालणारी, पोलिसाची पोरकी मुलगी. १९९१ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला पुढल्या वर्षी पाच प्रमुख ऑस्कर मिळाले. पण कुणालाही विचारा, आठवतो तो तुरुंगातला नरभक्षक डॉक्टर लेक्टर. त्याचे ते शांत बोलणे, ते डोळे! नायिका क्लॅरिस आहे हे आठवावे लागते.

(ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी पुढला परिच्छेद सोडून द्यावा. मी रागावणार नाही.)

तरुण मुलींचे खून होत असतात. एका मोठ्या राजकारणी बाईची मुलगी पळवली गेली आहे आणि तिच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले आहेत. सारे खाते खुन्याच्या मागे. कागदपत्रांवरून एक पत्ता मिळतो. शस्त्रसज्ज पथक विमानाने शिकागोजवळच्या त्या घरावर धडकते. घर रिकामे! तेव्हा क्लॅरिस कुठे असते? ती एकटीच ओहायोतल्या एका लहानशा गावात, सगळ्यांत आधी मारल्या गेलेल्या मुलीच्या घरी गेलेली असते. फ्रेडरिका बिमेल त्या मुलीचे नाव. दिसायला साधी, अंगाने जाड, गरीब घरची. तिच्याविषयी विचारण्यासारखे काही उरलेले नाही असे सगळ्यांनी ठरवून टाकलेले आहे. क्लॅरिस तिच्या खोलीत बसते. तिचे कपाट उघडते. ती मुलगी शिवणकाम करणारी होती. कपाटातल्या एका झग्याचे टक्स पाहून क्लॅरिसच्या अंगावर सर्रकन काटा येतो, कारण नंतर सापडलेल्या एका मुलीच्या पाठीवर तिने तोच आकार पाहिलेला असतो. खुनी शिंपीकाम जाणतो, त्याला काय शिवायचे आहे हे तिला त्या क्षणी कळते. पुढचे मी सांगत नाही.

पाहिलेत ना? डॉक्टर लेक्टरच्या सगळ्या बुद्धिमान बोलण्याने जे पुरते उलगडत नाही ते एका गरीब मुलीच्या कपाटाने उलगडते. पिस्तूलधारी पथक जाते खुन्याच्या पत्त्यावर. क्लॅरिस जाते मेलेल्या मुलीच्या पत्त्यावर, आणि खुनी सापडतो तो तिथे. टक्स म्हणजे काय हे ठाऊक असलेली बाईच ते कपाट वाचू शकली, ही मौज तर वेगळीच. माझ्या मते या एका प्रसंगात या साऱ्या कादंबऱ्यांचे मर्म आहे. खुनी कोण हा त्यांचा वरवरचा प्रश्न. जी मेली ती कोण होती, हा खरा.

क्लॅरिसनंतर या कादंबऱ्यांना पूर आला. स्त्रिया लिहू लागल्या आणि पुष्कळ चांगल्या लिहू लागल्या. लिसा गार्डनरची किंबर्ली क्विन्सी ही प्रोफायलर बापाची लेक आहे. मेग गार्डिनरची केटलिन हेंड्रिक्स २०१७ मध्ये आली तीही पोलीस बापाचे जुने, न सुटलेले प्रकरण पाठीशी घेऊन. पण पुरात गाळही येतोच. आता मला पन्नास पाने वाचून पुढले दोनशे पानांचे भविष्य सांगता येते. प्रोफायलरबाईंच्या पूर्वायुष्यात एक जखम असणारच. त्यांना रात्री झोप लागत नाही आणि घरी कधी धड वरणभात शिजत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांचे म्हणणे पटत नाही. खुनी असामान्य बुद्धीचा असतो आणि इतक्या मोठ्या देशात त्याला दुसरे घर सापडत नसल्यासारखा शेवटी नेमका बाईंच्याच घरी येऊन थांबतो! हे सारे मी हसून सोडून देते. एक गोष्ट मात्र मला सोडून देता येत नाही. पहिल्या पानावर एक मुलगी मेलेली सापडते. तिच्या जखमांचे वर्णन दोन पाने चालते. तिच्या आवडीनिवडीला दोन ओळीसुद्धा नाहीत. तिसऱ्या प्रकरणापर्यंत तिचे नावही मी विसरलेली असते, कारण लेखकच विसरलेला असतो.

मग बायका ही पुस्तके इतक्या आवडीने का वाचतात? दिवसभराच्या कामानंतर कुणा अनोळखी मुलीच्या खुनाची गोष्ट घेऊन अंथरुणावर पडण्यात कसले आले आहे सुख? माझी एक मैत्रीण याला विकृती म्हणते. मला तसे वाटत नाही. भीतीचा अभ्यास आम्हांला लहानपणापासून करावाच लागतो. रिकाम्या एस.टी.त कुठल्या बाकावर बसायचे, रिक्षाचा नंबर कुणाला कळवायचा, जिन्यातला दिवा गेला असेल तर वर येणारी पावले कुणाची आहेत, समोरून येणारा गृहस्थ रस्ता ओलांडून का आला, या साऱ्याचा अंदाज आम्ही क्षणात बांधतो. कुणी शिकवलेले नसते. म्हणजे प्रत्येक बाई ही आपापल्या गल्लीपुरती प्रोफायलर असतेच. फरक इतकाच, की आमचे हे ज्ञान पळण्यासाठी असते. कादंबरीतली ती बाई तेच ज्ञान घेऊन उलट दिशेने, धोक्याकडे चालत जाते. जो आपल्याला न्याहाळतो त्याला ती न्याहाळते. झोपण्यापूर्वी एवढे वाचले की दिवा मालवताना हात जरा स्थिर राहतो. हे सुख लहान नव्हे.

पण या सुखात एक धोकाही दडलेला आहे आणि तो सांगितला नाही तर माझे म्हणणे अर्धवट राहील. कादंबरीत बाईंचा अंदाज शेवटी खरा ठरतो, कारण खुनी लेखकाने बनवलेला असतो. खऱ्या जगात तसे नसते. लंडनच्या विंबल्डन कॉमन या मोकळ्या माळावर जुलै १९९२ मध्ये रेचेल निकेल या तरुण आईचा, तिच्या दोन वर्षांच्या मुलादेखत खून झाला. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाकडून खुन्याचे मनोचित्र करून घेतले. त्या भागात एकटा राहणारा एक मनुष्य त्या चित्रात बसतो असे त्यांना वाटले. पुरावा नव्हता. तेव्हा एका पोलीस बाईने नाव बदलून त्याच्याशी मैत्री जोडली, महिनोन्महिने पत्रे लिहिली, तो काही कबूल करतो का याची वाट पाहिली. त्याने कबूल केले नाही, कारण कबूल करण्यासारखे काही नव्हते. तरी त्याला वर्षभर तुरुंगात ठेवले. १९९४ साली न्यायाधीशांनी तो सारा सापळा कडक शब्दांत फेटाळला. खरा गुन्हेगार, रॉबर्ट नॅपर, याच्यावर गुन्हा शाबीत व्हायला २००८ साल उजाडले. आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट ही, की पोलीस चित्रातल्या माणसाच्या मागे असताना, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नॅपरने आणखी एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला ठार केले होते.

हे लंडनला घडले म्हणून आपण सुस्कारा सोडायचे कारण नाही. आमच्याच इमारतीत काही वर्षांपूर्वी एका बिऱ्हाडातून सोन्याची पाटली गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर चोराचे चित्र तयार झाले. वॉचमनचा धाकटा भाऊ गावाहून नुकताच आला होता. तो नजरेला नजर देत नसे. त्याने नवा मोबाइल घेतला होता. विचारले की अडखळत बोले. झाले! दोन दिवस त्याला चौकीवर बसवून ठेवले. काही निघाले नाही, पण दोघा भावांना काम सोडून जावे लागले. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती पाटली तांदळाच्या डब्यात तळाशी सापडली. ठेवणारीनेच ती तिथे ठेवली होती आणि ती विसरली होती. भाऊ तोवर कुठे गेले होते कुणास ठाऊक. त्या दिवशी सासूबाई पुष्कळ वेळ गॅलरीत बसून होत्या. रात्री पान वाढले तेव्हा म्हणाल्या, "मीसुद्धा मान डोलावली होती गं. माणूस कसा असेल ते सांगता येते. हाच तो, असे नाही सांगता येत." क्वांटिकोच्या दारावर कोरून ठेवावे असे हे वाक्य आहे, असे मला वाटते.

म्हणूनच मी म्हणते, या कादंबऱ्यांतून घ्यायचे ते खुन्याला ओळखण्याचे कसब नव्हे. ते हाताबाहेर जाते. घ्यायची ती क्लॅरिसची दुसरी सवय, कपाट उघडून पाहण्याची. अ‍ॅलिस केलीची, अ‍ॅन बर्जेसची सवय. जिच्यावर बेतले तिच्याकडे आधी वळण्याची. आपल्याकडे तर नेमके उलटे होते, आणि त्यासाठी खून पडावा लागतो असेही नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. एस.वाय.ला. मागल्या बाकावर बसे, फार बोलत नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती येईनाशी झाली. एक मनुष्य रोज बसथांब्यापासून तिच्या मागे येई आणि हे घरी कळताच घरच्यांनी तिचे कॉलेज बंद केले होते. तो मनुष्य थांब्यावर उभा राहतच होता. स्टाफरूममध्ये आठवडाभर याची चर्चा झाली. तो कोण असेल, कशाचा धंदा करीत असेल, तिने काही प्रोत्साहन दिले असेल काय, ती कशी मुलगी होती. 'कशी' म्हणजे काय हे सांगायला नको! तिचा निबंध तपासायचा राहिला होता. मी तो काढला. विषय होता 'आमच्या घरातील एक जुनी वस्तू'. तिने आजीच्या गोधडीवर लिहिले होते. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुठे आजीची नजर गेल्यावर टाका वाकडा पडू लागला आणि तिथून पुढे आईचा टाका कसा सुरू होतो, हे तिने इतके नेमके लिहिले होते की मी दोनदा वाचले. अख्ख्या वर्गात असे डोळे दुसऱ्या कुणाला नव्हते.

तो निबंध पर्समध्ये घालून मी आणि आमच्या इतिहासाच्या बाई तिच्या घरी गेलो. वडील बोलायला तयार नव्हते. "बाई, जग तुम्हांला ठाऊक नाही," एवढेच म्हणत राहिले. मी वाद घातला नाही. तिच्या आईपुढे निबंध ठेवला. आईने तो मशीनवर कोपर टेकून, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. गोधडीतल्या आपल्या टाक्यांपाशी आल्यावर बोट थांबले. "हिने हे कधी पाहिले?" असे ती स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाली. पुढे रीतसर तक्रार झाली, थांब्यावरचा मनुष्य दिसेनासा झाला. मुलगी परत आली ती पुढल्या जूनमध्ये. पहिले दोन महिने आई थांब्यापर्यंत सोडायला येई. म्हणजे गोष्ट गोड झाली असे म्हणायचे का? तिचे एक वर्ष गेले ते गेलेच. वर्ष गेले ते तिचे, त्या माणसाचे नव्हे. तो कसा होता याविषयी स्टाफरूमने बांधलेले सगळे अंदाज मी विसरले आहे. गोधडीतला तो वाकडा टाका मात्र विसरलेली नाही.

आमची लेक यंदा शिक्षणासाठी वसतिगृहात राहायला गेली. सामान बांधताना तिने माझ्या रहस्यकथांपैकी चार-पाच निवडून पेटीत घातल्या. ह्यांनी हळूच हरकत घेतली, "परक्या गावात एकटी राहणार, आणि वाचायला हे?" सासूबाई म्हणाल्या, "वाचू दे रे. डोळे उघडे राहतील." मी काही पुस्तके काढली नाहीत. डोळे उघडे राहावेत हे मलाही हवेच आहे. फक्त ते कुणाकडे उघडे राहावेत याविषयी एक गोष्ट तिला सांगावीशी वाटली. म्हटले, "वाच. पण पहिल्या पानावर जी मुलगी सापडते ना, तिचे नाव शेवटच्या पानापर्यंत लक्षात ठेव."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आणि आई, लेखकाने नावच दिले नसेल तर?"

"तर ते पुस्तक वसतिगृहाच्या रद्दीत दे," मी म्हटले, "आणि मला फोन कर. मी दुसरे पाठवीन."